आईंचं कोरं मन

ओट्यावरून स्टीलचं झाकण पडलं. पडून गप्प राहील तर ते झाकण कसलं! फरशीवर आधी ते ऐसपैस फिरलं, मग लगबगीने, मग अंगात आल्यासारखं थरथरत घुमलं आणि शेवटी एकदाचं आडवं झालं. तेवढा वेळ आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर डोळे मिटून बसलेली सगळी माणसं एका सुरात पुटपुटत होती, "आवाज... आवाज... आवाज..."

मी तेवढी ओरडले, "गार्गी!"

"स्वप्नालीताई," निनाद सर डोळे न उघडता, साजूक तुपात घोळवलेल्या आवाजात म्हणाले, "नुसतं 'आवाज' म्हणायचं. त्याला नाव-गाव द्यायचं नाही."

"नाव-गाव आहे सर त्याला. आणि ते आत्ता साखरेच्या डब्यात हात घालून उभं असणार."

खोतकाकू फिस्सकन हसल्या आणि लगेच सावरून म्हणाल्या, "हसू... हसू..." त्यांच्या शेजारी बर्गे गुरुजी घोरत होते. त्यांना मात्र 'झोप' म्हणायला कुणी सांगत नव्हतं.

आता माझी लेक सायकलवरून शाळेला जाते, तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती. जयसिंगपुरातल्या आमच्या घरात त्या दिवसांत दर रविवारी सकाळी हे असं चालायचं. निनाद सर पुण्याला कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. तिथे त्यांची छाती धडधडायला लागली, म्हणून ते नोकरी सोडून डोंगरात जाऊन ध्यान शिकून आले आणि आजोळी येऊन आमची धडधड कमी करू लागले. पद्धत सोपी होती. श्वासाकडे लक्ष ठेवायचं. विचार आला तर त्याच्याशी भांडायचं नाही, त्याच्यामागे धावायचंही नाही. 'काळजी', 'आठवण', 'बेत', 'राग', जे असेल ते एका शब्दात म्हणायचं आणि पुन्हा श्वासाकडे यायचं. डोंगरात हे मनातल्या मनात म्हणत असतील. आमच्याकडची माणसं मनातल्या मनात काही म्हणत नाहीत. पहिल्याच रविवारी खोतकाकूंनी खणखणीत आवाजात "भाजी!" म्हटलं, आणि तेव्हापासून सगळेच मोठ्याने म्हणायला लागले. सरांनीही चालवून घेतलं. कोण जागं आहे ते तरी कळायचं.

त्यामुळे ध्यानाला बसलं की गल्लीची बित्तंबातमी घरबसल्या मिळे. खोतकाकूंचं "नणंद... राग... नणंद... नणंद..." असं सुरू झालं, की वाटणीचा वाद अजून मिटला नाही हे आम्ही समजून जायचो.

आमच्या घरात या विद्येत सगळ्यांत आधी तरबेज झाले ते आबा, माझे सासरे. त्यांचा जन्म एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेलेला. "अगं, हे ध्यान म्हणजे आमचंच काम," ते मला म्हणाले होते. "टपाल आलं, आवकचा शिक्का मारला, पुढच्या टेबलावर धाडलं. आत काय लिहिलंय ते वाचायचं नाही. वाचलं की निर्णय घ्यावा लागतो. लोक त्यासाठी डोंगरात कशाला जातात कळत नाही. आमच्या कचेरीत यायचं!"

हळूहळू रविवारचं रोजचं झालं. मी म्हणावं, "आबा, सिलिंडर संपत आलाय, नंबर लावायला हवा." आबांनी डोळे मिटून म्हणावं, "काळजी." आणि काळजीला तिच्या वाटेनं जाऊ द्यावं. पाव्हणे जेवायला आले त्या दिवशी पुऱ्या अर्ध्या तळून झाल्यावर गॅस गेला, तेव्हा सगळे मिळून मोठ्या शांतपणे "भूक... भूक..." म्हणाले.

अशा या घरात मला त्या आठवड्यात एक गोष्ट सांगायची होती.

गार्गी होईपर्यंत मी कोल्हापूरला पोतदार मॅडमच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायचे. चार वर्षांनी त्यांचा फोन आला. जागा झालीय, येत्या सोमवारपासून ये. रविवारी दुपारी जेवायच्या आधी मी फोन करते, तेव्हा हो किंवा नाही सांग, नाहीतर मी दुसरी मुलगी बघते. एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला आणि मी हातात फोन धरून तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. चार वर्षं मी नुसत्या गोल भाकऱ्या थापत होते. मला एक सरळ रेघ ओढायची होती.

रात्री नवऱ्याला, विक्रांतला सांगितलं. त्याने उशी पाठीशी घेतली, डोळे मिटले, भलामोठा श्वास आत ओढला.

"बेत," तो म्हणाला. "छान आहे. त्याच्याकडे नुसतं बघ. येईल आणि जाईल."

"तो जाईल रे. पण मला जायचंय. सोमवारी. एसटीने."

"हं. आता त्यात राग मिसळला बघ."

आबांना सांगितलं, तर त्यांनी मांडीवर हळूच मूठ आपटली. शिक्का. "पाहिलं," म्हणाले.

"पाहिलं म्हणजे हो का, आबा?"

"पाहिलं म्हणजे पाहिलं."

खरं तर सगळं अडलं होतं आईंपाशी. आई म्हणजे सासूबाई. विक्रांत दुकानात, आबांची दुपार वाचनालयात जायची. बालवाडी सुटल्यापासून मी परत येईपर्यंत गार्गीजवळ राहणार कोण, तर आईच. माझी आणि त्यांची कधी कुरबूर नव्हती. मी माहेराहून आले की माझ्यासाठी आवर्जून वांग्याचं भरीत करणारी बाई. पण मी आडून आडून विचारलं की त्या "बघू हं" म्हणायच्या आणि खिडकीतून बाहेर बघत राहायच्या. मला वाटायचं, नको असणार त्यांना. तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून बघताहेत खिडकीतून.

त्या रविवारी झाकण आडवं झालं, मी गार्गीला दामटून आतल्या खोलीत चित्रं रंगवायला बसवून आले, तोवर सरांनी टाळी वाजवून सगळ्यांना डोळे उघडायला लावले होते. आता अनुभव सांगायचे.

"ह्या खेपेला नणंद जरा कमी आली," खोतकाकू म्हणाल्या.

"मला फार खोल शांतता लाभली," बर्गे गुरुजी डोळे चोळत म्हणाले.

"ऐकू येत होती आम्हाला," खोतकाकू म्हणाल्या.

"पुष्कळ टपाल आलं," आबा म्हणाले. "सगळं पुढे गेलं. टेबल स्वच्छ."

मग सर आईंकडे वळले. वळताना त्यांचा चेहराच बदलायचा. आई त्यांच्या वर्गातला मुकुटमणी. "शालनताई? आज काय आलं मनात?"

आईंनी पदर सावरला. "काही नाही."

"काहीच नाही?"

"एखादा येतो विचार. पण त्याच्याकडे बघेपर्यंत गेलेला असतो. मग नुसतंच... पांढरं."

सरांनी हात जोडले. "ऐकलंत? नुसतं पांढरं! मी डोंगरात जाऊन जे शोधत होतो, ते इथे जयसिंगपुरात, सतरंजीवर बसलंय. शालनताई, तुम्ही आम्हाला शिकवायला हवं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत होत्या. लाजल्या असतील, मला वाटलं.

"स्वप्नालीताई, तुम्ही?"

"मला एकच विचार आला सर. आठवडाभर तोच येतोय," मी म्हटलं. घरात कुणी ऐकत नाही तर चार लोकांत तरी बोलावं, असं झालं होतं मला. "मला कामावर परत जायचंय. दुपारी मॅडमना कळवायचंय, आणि घरात कुणी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही."

"सुंदर," सर म्हणाले. "आता असं करा. तो विचार म्हणजे आकाशातला ढग आहे समजा—"

"ढग नाहीत सर त्या. पोतदार मॅडम आहेत. ढगाला निदान फोन तरी नसतो."

सर क्षमाशील हसले. "आग्रह," ते अलगद म्हणाले.

"आग्रह... आग्रह..." सतरंजीभर गुणगुण पसरली. विक्रांतसुद्धा त्यात. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि त्यालाही कुणीतरी नाव ठेवेल म्हणून मी ते गिळत होते.

"जाऊ दे की तिला."

आई बोलल्या होत्या. गुणगुण थांबली.

"मी आहे ना घरी," त्या म्हणाल्या. "पोरीला मी बघते. शिकलेली मुलगी, किती दिवस भांडी घासणार?"

उठून त्यांना मिठी मारावी असं वाटलं. इतके दिवस खिडकीतून बघत होत्या त्या, ते हेच ठरवत होत्या की काय? आबांनी एकदम डोळे उघडून आईंकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटले.

"बघा, बघा!" सर उठून उभेच राहिले. "कोऱ्या मनातून निर्णय कसा लख्ख उमटतो!"

चहा झाला, पोहे झाले. बायका निघाल्या तशा आई रीतीप्रमाणे हळदीकुंकवाची कोयरी घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. खोतकाकू पुढे आल्या. आईंनी त्यांना हळद लावली, कुंकू लावलं. काकू चपला शोधता शोधता सांगायला लागल्या, की नणंदेने आता परसातलं नारळाचं झाडसुद्धा मागितलंय. आईंनी "हो का?" म्हटलं, बोटं बुडवली आणि त्यांना हळद लावली, कुंकू लावलं.

"अगं बाई, शालन!" काकू हसल्या. "एवढं सौभाग्य झेपायचं नाही मला."

आईही हसल्या. "नारळाचं झाड कुणी मागितलं म्हणालात?" काकूंनी परत पहिल्यापासून सांगितलं. सांगून होतंय तोवर आईंची बोटं पुन्हा कोयरीत गेली होती. काकूंच्या कपाळावरून कुंकू नाकाच्या शेंड्यावर सांडलं.

"हे पाहिलंत?" निनाद सर माझ्या कानाशी कुजबुजले. "प्रत्येक क्षण नवाकोरा. मागच्याचं ओझंच नाही. लोकांचे जन्म जातात हो हे साधायला."

मी काकूंच्या लालभडक नाकाकडे बघत होते.

सगळे गेल्यावर आई स्वयंपाकघरात आल्या. मी कपबशा विसळत होते.

"आई," मी पाण्याकडे बघत म्हटलं, "खोतकाकूंना तुम्ही तीनदा कुंकू लावलंत."

"लावलं का?"

नळ चालूच होता. त्यांनी हात पुढे करून तो बंद केला आणि आपल्या बोटांकडे पाहिलं. तीन बोटं लाल, अंगठा पिवळा. पुरावाच होता.

"तीनदा?" त्या म्हणाल्या. मग पाटावर बसल्या. "हसल्या असतील सगळ्या."

"नाही हसल्या. सर म्हणाले, तुमची प्रगती आहे."

"त्यांचं मेल्यांचं काय जातंय!" आईंच्या तोंडून असा शब्द मी कधी ऐकला नव्हता. "अगं, पहिल्या दिवशी मी घाबरून सांगितलं त्यांना. म्हटलं, बाकीच्यांना किती काय काय येतं मनात, हिला नणंद येते, ह्यांना टपाल येतं, मला का काही येत नाही? येतं त्याचं शेपूट धरायला जाते तर हातात काही नाही. मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, काहीतरी औषध सांगेल. तर तो टाळ्या वाजवायला लागला. सगळेच वाजवायला लागले. मग कसं सांगायचं, की बाबांनो, हे कौतुकाचं नाही?"

मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले. पोतदार मॅडम, सोमवार, एसटी, सगळं माझ्या डोक्यात एकदम गर्दी करून आलं. त्यातल्या कशालाच एका शब्दाचं नाव देता येत नव्हतं.

"मग मघाशी तुम्ही म्हणालात, मी बघते पोरीला..."

"म्हणाले ना. बघीन की. चिठ्ठ्या लावीन हवं तर. तू जा कामावर." त्यांनी माझं मनगट धरलं. हळदीचा डाग उमटला त्यावर. "पण ह्यांना सांगू नकोस. मला शहाणी म्हणतात गं सगळे सध्या. आयुष्यात पहिल्यांदा म्हणतात."

मी त्यांचा हात हळूच सोडवला, तो त्यांच्याच मांडीवर ठेवला आणि हॉलमध्ये गेले. सांगितलं नसतं, तर सोमवारपासून माझी पोर आणि माझी सासू एकमेकींच्या जिवावर सोडून मी सरळ रेघा ओढत बसले असते. आणि गेलेच नसते, तर कारण विचारलं असतं कुणीतरी. कधीतरी.

विक्रांत सतरंजी गुंडाळत होता. आबा खुर्चीत डोळे मिटून. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. कुंकू, पांढरं, शेपूट, सगळं.

"अगं, वय झालं की होतं थोडं," विक्रांत म्हणाला. "तू उगाच—"

"काळजी," आबा म्हणाले. डोळे तसेच. मूठ मांडीवर. "पाहिलं. जाऊ दे पुढे."

"पुढे कुणाकडे, आबा?" मी विचारलं. "पुढचं टेबल कुठलं?"

खुर्ची करकरली. आबांची मूठ मांडीवर होती ती हळूहळू उघडली.

"मागच्या महिन्यात ती देवळातून परत येताना वाट चुकली," ते म्हणाले. "जयसिंगपुरात! जिथे गल्ल्या आखून सरळ काढल्यात, नंबर घातलेत, आंधळाही चुकायचा नाही. मी शोधत गेलो तर भलत्याच गल्लीत एका ओट्यावर बसली होती. म्हणाली, जरा पाय मोकळे करत होते. मी म्हटलं, बरं."

"आबा! आणि तुम्ही बोलला नाहीत?" विक्रांतच्या हातातली सतरंजी पुन्हा उलगडली.

"बोललो की निर्णय घ्यावा लागतो." आबांनी चष्मा काढला. "आणि त्यात ते सर. प्रगती आहे म्हणाले. मला बरं वाटलं रे. आजारी म्हणण्याऐवजी कुणीतरी तिला साधक म्हणत होतं. मी म्हटलं, राहू दे."

आतून आईंचा आणि गार्गीचा आवाज येत होता. दोघी कशावरून तरी हसत होत्या.

माझा फोन वाजायला लागला. पोतदार मॅडम. मी तो तसाच धरून उभी राहिले. नाही म्हणायचं, हे माझ्या मनाने स्वयंपाकघरातून येता येताच ठरवलं होतं.

"घे," आबा म्हणाले. "हो म्हण."

"आबा, आता कसं—"

"दुपारचं वाचनालय बंद. पोरीला बालवाडीतून मी आणीन. उद्या तू पोरीजवळ थांब, ती, मी आणि विक्रांत मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ, परवापासून दोघींना मी बघतो."

"जमेल तुम्हाला?"

"माहीत नाही," आबा म्हणाले. "हे काम कधी केलेलं नाही मी."

मी फोन घेतला. "येते मॅडम," म्हटलं. "सोमवार नको, मंगळवारपासून." मॅडम कुरकुरल्या, पण चालेल म्हणाल्या. इतके दिवस ज्या 'हो'साठी जीव टाकला होता, ते माझ्याच तोंडून बाहेर पडलं तेव्हा मी आतल्या दाराकडे बघत होते. विक्रांत आत आईकडे गेला आणि दारातच थांबला, आत पाऊल टाकायचं कसं हे विसरल्यासारखा.

त्याच्या पायांमधून वाट काढत गार्गी धावत बाहेर आली. गाल लाल, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"आई, आई, आम्ही गंमत खेळलो! आजी म्हणाली, सांग बघू तुझं नाव काय? मी मुद्दाम खोटं सांगितलं. म्हटलं, माझं नाव चिंगी. तर आजी म्हणाली, शाब्बास, बरोब्बर!"

तिने माझ्या कुर्त्याला झोंबून वर पाहिलं.

"मग यात कोण जिंकलं, आई? मी की आजी?"